हायब्रिडोमातून निसटलेला प्रतिपिंड: एकेक प्लाझ्मा पेशी तपासण्यासाठी कोणते साधन निवडावे?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण नवी मुंबईतील एका लहान जैवतंत्रज्ञान कंपनीत काम करता. नागाच्या विषातील लांब साखळीच्या अल्फा-न्यूरोटॉक्सिनविरुद्ध (स्नायूंवरील अॅसिटिलकोलीनच्या ग्राहीला, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटून ते अडवणारे विषारी प्रथिन) आपण उंदरांचे लसीकरण केले. त्यांच्या रक्तद्रवाने विषाला अटकाव होतो असे चाचणीत दिसले. पण हायब्रिडोमातून (प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि अमर कर्कपेशी यांच्या संकरातून) जे क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या वसाहती, मिळाले ते विषाला नुसतेच चिकटतात, त्याला निष्प्रभ करत नाहीत. म्हणून आता एकेक पेशी वेगळी करून तपासणाऱ्या मायक्रोफ्लुइडिक (अतिसूक्ष्म जागांत द्रव हाताळणाऱ्या) साधनांकडे वळण्याचा विचार आहे आणि आपण विचारता की, थेंबांची यंत्रणा स्वतः उभारावी, 'बीकन' यंत्र असलेल्या एखाद्या सेवेकडे काम सोपवावे, की नॅनोवेलची चिप वापरावी.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. स्वतः थेंबांची यंत्रणा उभारण्याचा पर्याय आपल्या परिस्थितीत मी बाजूला ठेवेन, उरलेल्या दोहोंत एका चौथ्या पर्यायाची भर घालेन आणि यांपैकी कशावरही पैसे घालण्यापूर्वी फ्रीजरमधील जुने सुपरनेटंट (पेशी वाढवलेल्या माध्यमाचा, प्रतिपिंड असलेला वरचा द्रव) एकदा वेगळ्या चाचणीने तपासायला सांगेन. चिप कोणती हा प्रश्न खरे तर तिसऱ्या क्रमांकाचा आहे. प्रतिपिंडाकडून नेमके कोणते काम हवे आहे आणि ते काम एका पेशीने तासाभरात स्रवलेल्या मालावर मोजता येते का, हा पहिला प्रश्न. आणि आपल्या हाती जिवंत, स्रवणाऱ्या पेशी किती आहेत, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे हाती आली की साधन बहुधा आपोआप ठरते.

या कामाची गोम अशी आहे. साध्या बी पेशीच्या पृष्ठभागावर तिचा प्रतिपिंडच ग्राही म्हणून बसलेला असतो, त्यामुळे रंगीत प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला ओळखतो तो रेणू) लावून ती फ्लो सॉर्टरमध्ये, म्हणजे तेजावरून पेशी एकेक करून वेगळ्या करणाऱ्या यंत्रात, निवडता येते. तीच पेशी पुढे प्लाझ्मा पेशी झाली की आयजीजी वर्गाचा प्रतिपिंड ती जवळजवळ सगळा बाहेर टाकते आणि अंगावर फारच थोडा ठेवते. म्हणजे ज्या पेशी सर्वाधिक प्रतिपिंड बनवतात, त्यांच्याच अंगावर ओळख पटवणारी खूण नसते, आणि स्राव एकदा भोवतालच्या द्रवात मिसळला की तो कोणत्या पेशीचा हे सांगता येत नाही. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये हा गुंता पेशीला अमर करून सोडवला: एका पेशीची वसाहत वाढली की तिचा स्राव आणि तिची जनुके एकाच वेलमध्ये (प्लेटमधील खळग्यात) सापडतात. त्याची किंमत मात्र मोठी असते. पीईजी हे रसायन वापरून केलेल्या नेहमीच्या फ्यूजनमध्ये, म्हणजे पेशींच्या संकरात, साधारण लाखभर प्लीहापेशींमागे एखादाच हायब्रिडोमा हाती लागतो आणि अस्थिमज्जेत मुरलेल्या परिपक्व प्लाझ्मा पेशी तर फ्यूजनला फारशी दादच देत नाहीत. मायक्रोफ्लुइडिक साधने हाच गुंता पेशीला अमर न करता सोडवतात. ती पेशीभोवती इतकी लहान जागा आखून देतात की तिचा स्राव तिला सोडून लांब जाऊ शकत नाही.

आता आपल्या बाबतीत काय झाले असेल? रक्तद्रव विष रोखतो आणि क्लोन रोखत नाहीत, याचे सरळ स्पष्टीकरण असे की, कामाच्या पेशी फ्यूजनमध्ये हरवल्या. ते खरे असू शकते, पण मला आपल्या वर्णनातील एक तपशील अधिक खटकतो: क्लोनची पहिली चाळणी आपण विष थेट प्लेटवर चढवून केलेल्या एलायझाने (प्रतिपिंड चिकटला का हे रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीने) केली आहे. हे विष सुमारे ७ ते ८ किलोडाल्टनचे, म्हणजे फारच लहान प्रथिन आहे. असे प्रथिन प्लास्टिकवर नीट बसत नाही, आणि बसले तरी कोणता चेहरा वर करून बसेल याचा भरवसा नसतो. ग्राहीला चिकटणारी बाजूच जर प्लास्टिककडे दबली असेल, तर ती बाजू झाकणारे क्लोन पहिल्याच दिवशी 'निगेटिव्ह' ठरून कचऱ्यात गेले असतील. तेव्हा जे सुपरनेटंट अजून गोठवून ठेवलेले असतील, विशेषतः एलायझात निगेटिव्ह आलेले, ते सर्व द्रवात मोकळ्या असलेल्या बायोटिनयुक्त (शोधून काढण्यासाठी बायोटिन ही लहान खूण जोडलेल्या) विषावर पुन्हा तपासावेत. प्रतिपिंड आधी प्लेटवर पकडायचा, मग त्यावर विष सोडायचे, म्हणजे विषाला कोणत्याही बाजूने बसण्याची मोकळीक राहते. एवढ्यानेच काम झाले तर नवे यंत्र हवेच कशाला?

तिसरीही एक शक्यता आहे आणि ती अप्रिय असली तरी नोंदवायला हवी. रक्तद्रवाचा परिणाम अनेक प्रतिपिंडांच्या एकत्रित वजनाचा असू शकतो. विषाला चारी बाजूंनी घेरल्यामुळे ते ग्राहीपर्यंत पोहोचत नसेल, पण सुटा असा एकही प्रतिपिंड ते काम पुरते करत नसेल. तसे असेल तर कितीही महागडी चिप घेतली तरी ती अस्तित्वातच नसलेली पेशी शोधून देणार नाही. याचा अंदाज घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे रक्तद्रव पातळ करत नेऊन, विष आणि ग्राही यांच्यातील स्पर्धेच्या चाचणीत त्याचा परिणाम कुठवर टिकतो ते पाहणे आणि बंधनाच्या चाचणीतील त्याच्या वक्राशी ताडून पाहणे. बंधन बराच काळ टिकून अटकाव मात्र लवकर मावळत असेल, तर निष्प्रभ करणारे प्रतिपिंड थोडे किंवा कमकुवत आहेत असे समजावे आणि पेशींच्या मागे लागण्याऐवजी आधी लसीकरणाची पद्धत सुधारावी.

या पायऱ्या ओलांडूनही एकेक पेशीच्या मार्गाने जायचे ठरले, असे धरून पुढे जातो. हा मार्ग का चालतो हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. समजा, एक पेशी सेकंदाला प्रतिपिंडाचे १०० रेणू स्रवते. प्रत्यक्षात हा वेग पेशीपेशींत फार बदलतो, पण हिशोबाला हा आकडा बरा आहे. तासाभरात ३,६०,००० रेणू जमा होतात, म्हणजे सुमारे ०.६ अॅटोमोल. हा माल १०० मायक्रोलिटरच्या नेहमीच्या वेलमध्ये पसरला तर संहती भरते ६ फेम्टोमोलर, जी नेहमीच्या कोणत्याही चाचणीला दिसणार नाही. तोच माल १ नॅनोलिटरच्या नॅनोवेलमध्ये अडवला तर ०.६ नॅनोमोलर होतो. आणि ४० पिकोलिटरच्या, म्हणजे जेमतेम ४२ मायक्रॉन व्यासाच्या थेंबात अडवला तर १५ नॅनोमोलर. प्रतिपिंड आणि प्रतिजन यांचे चांगले बंधन ज्या पट्ट्यात मोजले जाते, त्या पट्ट्यात आपण केवळ जागा आक्रसून तासाभरात येऊन पोहोचतो. चिपमधील सारी करामत एवढीच. बाकी सगळा खटाटोप पेशी त्या जागेत नेण्याचा आणि तिथून परत काढण्याचा असतो.

आता साधनांकडे वळू. नॅनोवेलची पद्धत यांत जुनी आणि समजायला सोपी. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोएनग्रेव्हिंग'मध्ये पीडीएमएस या सिलिकॉन रबरात पाडलेल्या बारीक वेलमध्ये पेशी बसवून वर प्रतिजन लावलेली काच दाबली जाते. काचेवर उमटलेल्या ठिपक्यावरून खालची पेशी कोणती ते कळते आणि ती केशनलिकेने उचलता येते. जपानमधील तोयामा येथील गटाने २००९ मध्ये मांडलेल्या 'आयझॅक' पद्धतीत वेल पेशीच्या मापाचे असतात आणि त्यांच्याभोवतालच्या पृष्ठभागावरच प्रतिजन चढवलेला असतो. मोल्ड पवईच्या आयआयटीतील नॅनोफॅब्रिकेशन सुविधेत किंवा अशाच दुसऱ्या ठिकाणी करवून घेता आला की पुढच्या चिप स्वतः ओतता येतात आणि चांगला फ्लोरेसेन्स सूक्ष्मदर्शक असेल तर वाचनही जमते. कस लागतो तो दोन ठिकाणी. पहिले बाष्पीभवन: नॅनोलिटरभर द्रव ३७ अंशांवर पाहता पाहता उडून जातो आणि पीडीएमएस स्वतःही वाफ शोषते, म्हणून चिप आधी माध्यमात मुरवून दमट डब्यात ठेवावी लागते. दुसरे म्हणजे पेशी उचलणे. हाताने उचलायचे तर दिवसभरात मोजक्याच पेशी निघतात, त्यामुळे ठिपके शेकडो दिसले तरी जनुके हाती लागतात ती थोड्यांचीच.

'बीकन'मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने विद्युतक्षेत्र घडवून एकेक पेशी हलवतात आणि वाहिनीच्या कडेच्या लहान कोठड्यांमध्ये नेऊन बसवतात. बर्कले लाइट्स या कंपनीचे हे यंत्र आता ब्रुकरकडे आहे. वाहिनीत प्रतिजन लावलेले बीड्स (सूक्ष्म मणी) भरले की कोठडीतून झिरपणारा प्रतिपिंड तोंडाजवळच्या बीड्सवर चढतो आणि तिथे तेजाचा झुबका दिसतो. याची खरी मातब्बरी वेगाची नसून पेशी जिवंत आणि जागच्या जागी राहण्याची आहे: त्याच पेशीवर आधी बंधन, मग धुऊन स्पर्धेची चाचणी, मग दुसऱ्या जातीच्या सापाच्या विषाशी जुळवणी, असे एकामागून एक प्रश्न विचारता येतात आणि शेवटी तीच पेशी प्लेटमध्ये उतरवता येते. एका फेरीत मात्र काही हजार ते वीसेक हजार कोठड्याच असतात आणि यंत्र कोटींच्या घरातले असल्याने ते विकत घेण्याचा प्रश्न आपल्यासाठी उद्भवतच नाही; मिळाली तर सेवाच घ्यावी लागेल.

थेंबांच्या यंत्रणेचे आकर्षण मला पूर्ण समजते, कारण आकड्यांत तिला तोड नाही. १०० मायक्रोलिटर पेशीद्रावणाचे ४० पिकोलिटरचे थेंब केले तर २५ लाख थेंब होतात. पॅरिसमधील ईएसपीसीआय आणि पाश्चर संस्थेच्या मंडळींनी २०१७ मध्ये दाखवले की, अशा थेंबांत चुंबकीय नॅनोकण भरले तर चुंबकाशेजारी त्यांची एक रेघ तयार होते आणि त्या रेघेवर चढणाऱ्या तेजावरून एकेका पेशीच्या स्रावाचा वेग आणि बंधनाची ताकद दोन्ही वाचता येतात. २०२० मध्ये याच परंपरेतून थेंब निवडून लगेच जनुकांचे वाचन करणारी पद्धत प्रसिद्ध झाली. परंतु कागदावर जे एका आकृतीत मावते, ते प्रयोगशाळेत उभे करायला लेसर, फोटोमल्टिप्लायर, वेगवान इलेक्ट्रॉनिक्स, थेंब खेचण्यासाठी उच्च दाबाची वीज आणि हे सगळे एका रांगेत धरून ठेवणारा माणूस लागतो. शिवाय थेंबांत पेशी पॉयसाँच्या नियमाने, म्हणजे निव्वळ योगायोगाने, पडतात. सरासरी ०.३ पेशी प्रति थेंब ठेवली तर ७४ टक्के थेंब रिकामे जातात आणि पेशी असलेल्या थेंबांपैकी साधारण १४ टक्क्यांत एकाहून अधिक पेशी असतात, सरासरी ०.१ केली तर हा दोष ५ टक्क्यांवर येतो, पण ९० टक्के थेंब रिकामे फिरवावे लागतात. तेलाचाही प्रश्न आहे. ही पद्धत ज्या फ्लोरिनयुक्त तेलांवर उभी आहे, त्यांच्या एका मोठ्या उत्पादकाने, थ्रीएमने, अशा रसायनांचे उत्पादन २०२५ अखेर थांबवण्याचे २०२२ मध्येच जाहीर केले. पर्यायी तेले मिळतात, पण प्रत्येक नव्या तेलाबरोबर सर्फॅक्टंट (थेंब एकमेकांत मिसळू न देणारे रसायन) आणि थेंबांची स्थिरता नव्याने जुळवावी लागते.

ज्यांना तरीही थेंबांकडे जायचे आहे, त्यांच्यासाठी एक बारकावा सांगून ठेवतो, कारण तो पद्धतीच्या वर्णनात सहसा एका ओळीत उरकलेला असतो. पेशी माध्यमापेक्षा जड असल्याने सिरिंजमध्ये खाली बसतात. सिरिंज आडवी ठेवली असेल तर सुरुवातीच्या थेंबांत पेशी दाटीवाटीने येतात आणि अर्ध्या तासाने येणारे थेंब जवळजवळ रिकामे असतात, सरासरी ०.१ ठरवलेली असली तरी ती प्रत्यक्षात क्षणाक्षणाला घसरत असते. माध्यमात आयोडिक्सॅनॉल मिसळून त्याची घनता पेशींच्या जवळ आणली, किंवा सिरिंजमध्ये बारीक चुंबकीय ढवळणी ठेवली, तर हे आटोक्यात राहते. दर काही मिनिटांनी थेंबांचा नमुना काचेवर घेऊन पेशी मोजाव्यात आणि आकडा सरकलेला दिसला तर तिथेच थांबावे.

आता चौथा पर्याय, जो आपल्या प्रश्नात नव्हता: नॅनोव्हायल. हे हायड्रोजेलचे, पेशीहून थोडे मोठे, वाटीच्या आकाराचे कण असतात. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांचा विकास झाला आणि २०२२ पासून पेशीस्रावाच्या अभ्यासात ते रुळू लागले आहेत. पेशी वाटीत चिकटून बसते, तिचा स्राव वाटीच्या आतल्या भिंतीवरील प्रतिपिंडपकड्यांवर अडकतो, मग सगळे धुऊन रंग लावायचे आणि नेहमीच्या फ्लो सॉर्टरमधून रुंद नोझलने गाळून घ्यायचे. स्वतःचे पंप नकोत, तेल नको, लेसरची जुळवणी नको. सॉर्टर तर मुंबईच्या मोठ्या संशोधनसंस्थांत सामायिक सुविधा म्हणून असतोच, फक्त ३५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण त्यातून सोडायला चालकाची तयारी आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. केंब्रिजमधील एका गटाने २०२४ मध्ये पेशींना प्रतिपिंड पकडणाऱ्या जेलमध्ये बंद करून सॉर्टरने निवडण्याची जी पद्धत मांडली, तिची दिशाही हीच आहे. आपल्यासारख्या लहान चमूने पहिली फेरी याच घराण्यातील पद्धतीने करावी, असे माझे मत आहे.

तिच्यातील दोन खाचखळगे मात्र आधीच भरून घ्यावेत. वाट्या उघड्या असतात, त्यामुळे एका वाटीचा स्राव शेजारच्या वाटीवर चढू शकतो. यावर उपाय म्हणजे द्रावण पातळ ठेवणे, उबवण तास-दीड तासांच्या आत संपवणे आणि प्रत्येक वेळी रिकाम्या वाट्यांवर किती तेज चढले ते मोजणे. रिकाम्या वाट्या हाच इथला प्रामाणिक साक्षीदार असतो. दुसरा खळगा अधिक कावेबाज आहे. उंदराच्या प्लाझ्मा पेशी वाटीत धरून ठेवण्यासाठी सीडी१३८ या त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनाविरुद्धचा जो प्रतिपिंड सर्रास वापरतात, तो २८१-२ हा क्लोन मुळात रॅटचा आयजीजी आहे, आणि उंदराचा आयजीजी पकडण्यासाठी लावलेले अनेक दुय्यम प्रतिपिंड रॅटच्या आयजीजीलाही ओळखतात. परिणाम असा होतो की, पेशीने काही स्रवण्यापूर्वीच पकडे आपल्याच दुसऱ्या अभिकर्मकाने भरून जातात, सगळ्या वाट्या सारख्याच चमकतात आणि आपण पेशींना दोष देत बसतो. दुय्यम प्रतिपिंड रॅटविरुद्ध शोषून काढलेला, म्हणजे रॅटच्या आयजीजीला चिकटणारा भाग आधीच काढून टाकलेला, असावा, एवढी खबरदारी पुरते.

आता चाचणीविषयी थोडे विस्ताराने, कारण खरा निर्णय तिथे आहे. केवळ बंधन पाहिले तर आपण हायब्रिडोमाच्याच जागी पुन्हा येऊ: चिकटणारे पुष्कळ, रोखणारे शून्य. म्हणून चाळणीतच ग्राहीची जागा झाकली जाते का हे विचारायला हवे. वाटीवर अडकलेल्या प्रतिपिंडाला आधी एका रंगाचे विष द्यावे, मग दुसऱ्या रंगाचे, ग्राहीसारखे वागणारे विद्राव्य प्रथिन द्यावे. तळ्यातील गोगलगायीपासून मिळालेले अॅसिटिलकोलीन बांधणारे प्रथिन या कामासाठी सर्वपरिचित आहे आणि लांब साखळीच्या विषांना ते घट्ट धरते; आखूड साखळीच्या विषांशी त्याची पकड बरीच सैल असल्याने तिथे ते भरवशाचे नाही. प्रतिपिंडाने विष भलत्या बाजूने धरले असेल तर ग्राहीची जागा मोकळी राहून दोन्ही रंग दिसतील. प्रतिपिंड नेमका त्या जागेवर बसला असेल तर पहिला रंगच दिसेल. आपल्याला हव्या आहेत त्या या दुसऱ्या प्रकारच्या वाट्या.

यात एक मेख आहे. एखादा रंग न दिसणे हा निवडीचा निकष केला की मुळात कमी विष चढलेल्या वाट्याही हव्याशा वाटू लागतात, कारण तिथे दुसरा रंग दिसण्याइतका मालच नसतो. म्हणून दोन रंगांचे गुणोत्तर पाहावे आणि पहिल्या रंगाची किमान मर्यादा कडक ठेवावी. ही मर्यादा ठरवायला लागणारे नियंत्रण आपल्याकडे आधीच तयार आहे: विषाला चिकटणारे पण न रोखणारे आपले हायब्रिडोमा क्लोन. त्यांच्या पेशी वाट्यांत बसवल्या तर 'नको असलेला' प्रकार नेमका कसा दिसतो हे सॉर्टरच्या पडद्यावर आखून घेता येते. ज्या क्लोनवर आपण फुली मारली आहे, ते या कामात सोन्याच्या मोलाचे आहेत. त्यांचे गोठवलेले साठे जपून ठेवावेत.

विषाला रंग किंवा बायोटिन कसे जोडता, यावरही बरेच अवलंबून आहे. लायसीनला जोडणारे नेहमीचे रसायन इथे घातक ठरते, कारण या विषांच्या तीन बोटांसारख्या घडणीतील मधल्या बोटावरचे लायसीन आणि आर्जिनिनच ग्राहीला भिडतात. त्यांवरच रंग बसला तर हव्या त्या प्रतिपिंडांना चिकटायला जागा उरत नाही. विष जनुकीय पद्धतीने बनवलेले असेल तर त्याच्या टोकाला बायोटिन घेणारा तुकडा जोडावा. नैसर्गिक विष वापरत असाल तर रंग जोडल्यानंतर ते ग्राहीसारख्या प्रथिनाला अजून चिकटते का हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. संहतीचेही तसेच. विष ३० नॅनोमोलर ठेवले तर १ नॅनोमोलर बंधनांकाचा (आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) उत्तम प्रतिपिंड ९७ टक्के भरतो आणि १० नॅनोमोलरचा बेताचा प्रतिपिंड ७५ टक्के. पडद्यावर हे दोघे शेजारी शेजारी दिसतात. विष ३ नॅनोमोलरवर आणले तर हेच आकडे ७५ आणि २३ होतात आणि फरक डोळ्यांत भरतो. वाट्या धुऊन मोठ्या आकारमानात रंगवता येतात, त्यामुळे विष संपून जाण्याची भीती राहत नाही. बंद थेंबात ही सोय नाही. तिथे जेवढे विष आधी घातले तेवढ्यावरच भागवावे लागते.

पेशींच्या बाबतीत आपल्याला घाई करावी लागेल, आणि मुंबईत घाई करणे म्हणजे काय ते आपण जाणताच. उंदराच्या एका प्लीहेत साधारण दहा कोटी पेशी निघतात. शेवटच्या मात्रेनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांत प्लाझ्मा पेशींचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते आणि त्यांतही आपल्या विषाविरुद्धच्या पेशी थोड्याच. या पेशी शरीराबाहेर नाजूक असतात. आयएल-६ आणि एप्रिल या पेशी जगवणाऱ्या प्रथिनांचा आधार दिला तर त्या थोड्या तग धरतात, अन्यथा काही तासांतच स्राव मंदावतो. पशुगृह परळला आणि सॉर्टर खारघरला अशी विभागणी असेल तर प्लीहा तशीच बर्फात घालून सायन-पनवेल महामार्गाच्या वाहतुकीत अडकण्यापेक्षा पेशी पशुगृहातच सुट्या करून, गाळून, थंड माध्यमात न्याव्यात आणि सॉर्टरची वेळ दुपारची घ्यावी. पेशी सुट्या करताना ट्रिप्सिनसारखी विकरे टाळावीत; त्यांनी सीडी१३८ कापले जाते आणि पुढे आपली निवडच पांगळी होते. पावसाळ्यात थंड चिप किंवा काचपट्टी शीतकपाटातून काढली की तिच्यावर दव धरते आणि पहिली काही चित्रे धुरकट येतात. सूक्ष्मदर्शकावर नॅनोवेल वाचणार असाल तर झाकलेली चिप आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

जनुके परत मिळवण्याचा टप्पा मी थोडक्यात आटोपतो, कारण तो अनेकांनी घोटलेला आहे. सॉर्टरने एकेक वाटी ९६ वेलच्या प्लेटमध्ये, विघटक द्रावणात, थेट पाडावी आणि तिथेच उलट प्रतिलेखन करून (आरएनएपासून डीएनए बनवून) प्रतिपिंडाच्या जड आणि हलक्या साखळीची जोडी वाढवावी. उंदरात हलक्या साखळ्यांपैकी सुमारे ९५ टक्के कॅप्पा प्रकारच्या असतात, म्हणून अनेक जण दुसऱ्या, लॅम्डा प्रकाराचे प्रायमर (डीएनए वाढवण्याची सुरुवात करून देणारे तुकडे) वगळतात. आपल्याकडे पेशी मोजक्याच असल्याने ही काटकसर करू नये. थेंबांच्या मार्गात या टप्प्यावर आणखी एक अडथळा येतो: इतक्या लहान आकारमानात फुटलेल्या पेशीचा अर्क उलट प्रतिलेखनाच्या विकरालाच अडवतो, त्यामुळे निवडलेल्या पेशी पुन्हा मोठ्या थेंबांत किंवा प्लेटमध्ये हलवाव्या लागतात.

निष्प्रभ करण्याची अंतिम चाचणी चिपवर होईल अशी अपेक्षा कोणत्याही साधनाकडून ठेवू नये. अॅबसेलेरा आणि लिली या कंपन्यांनी २०२० मध्ये कोविडमधून बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातून जो बामलानिव्हिमॅब हा प्रतिपिंड शोधला, तिथेही एकेका पेशीवर तपासले गेले ते बंधनच. विषाणू रोखला जातो का, हे जनुके वाचून प्रतिपिंड नव्याने बनवल्यानंतर पाहिले गेले. आपणही वीस-तीस जोड्या एचईके या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत बनवून मगच निकाल द्यावा.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. उंदरांचा प्रतिसादच क्षीण असेल, तर प्राण्यांच्या पेशींऐवजी प्रतिपिंडांच्या कृत्रिम संग्रहातून शोध घेणे शहाणपणाचे ठरेल. अमेरिकेतील स्क्रिप्स आणि बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या गटाने २०२४ मध्ये लांब साखळीच्या या विषांविरुद्ध जो ९५मॅट५ हा व्यापक प्रतिपिंड प्रसिद्ध केला, तो यीस्टवर मांडलेल्या मानवी प्रतिपिंडांच्या कृत्रिम संग्रहातूनच निवडलेला आहे. त्यासाठी एकाही प्राण्याचे लसीकरण करावे लागले नाही. उलट आपल्याला एकाच प्रतिपिंडाने अनेक सापांची विषे रोखायची असतील, तर एकाच पेशीला क्रमाने अनेक प्रश्न विचारण्याची 'बीकन'ची सोय महाग असूनही परवडू शकते.

सेवेकडे काम देणार असाल तर एक गोष्ट करारापूर्वी स्पष्ट करून घ्यावी. काही ठिकाणी गोठवलेली प्लीहा पाठवा असे सुचवले जाते. प्लाझ्मा पेशी गोठवण्याचा आघात नीट सोसत नाहीत. वितळल्यावर जिवंत सापडतात त्या बहुतांशी स्मृतिपेशी आणि इतर बी पेशी. अशा नमुन्यावर स्रावाची चाचणी करण्यात अर्थ नाही. गोठवणे टळतच नसेल, तर स्मृतिपेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहीलाच विष लावून निवड करणारी पद्धत मागावी. डीएनएची खूण लावलेले प्रतिजन वापरून बंधन आणि जनुके एकत्र वाचणारी, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'लिब्रा-सीक' ही पद्धत त्याच जातीची आहे. ताजे नमुनेच हवे असतील, तर लसीकरण केलेले जिवंत उंदीर सेवा देणाऱ्याच्या पशुगृहात हलवून शेवटची मात्रा तिथेच द्यावी, आणि वाहतुकीची तारीख मात्रेच्या तारखेआधी पक्की करावी.